‘ध’चा ‘मा’ आणि गोष्टीचा तास

— द्वितीय वर्ष, कला

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना द्यावयाच्या चिठ्ठीत राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका अक्षराने माणसाचा जीव कसा जातो हे सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. परंतु या कथेची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. अनेक अभ्यासक तिला आख्यायिका मानतात. ती पुराव्याने शाबीत झालेली नाही. म्हणजे मजकुरात फेरफार कसा होतो हे शिकविणारी आपली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट, तीच मुळी तपासून घ्यावी लागेल अशी आहे!

शाळेत आमच्या गुरुजींनी ही कथा फार रंगवून सांगितली होती. चाळीस मुले श्वास रोखून ऐकत होती. कोणी हसले नाही, कोणी खोडी काढली नाही. ‘पण हे कशावरून?’ असेही कोणी विचारले नाही. गोष्टीत रमणे आणि गोष्टीला प्रश्न विचारणे ही दोन कामे शाळेला एकाच तासात करता येतील का, याचा विचार मी या लेखात करणार आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. किंबहुना गोष्ट, चित्र आणि नाटक यांच्या तासाखेरीज हे दुसरे काम नीट होणारच नाही, असे मला वाटते.

माध्यम-साक्षरता म्हणजे काय?

साक्षरता म्हणजे अक्षरओळख, हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘माध्यम-साक्षरता’ हा शब्द त्या मानाने नवा. वर्तमानपत्र, आकाशवाणी, चित्रपट, दूरदर्शन आणि आता खिशातला मोबाईल यांच्यामार्फत जे आपल्यापर्यंत येते ते कोणी तयार केले, कोणासाठी केले, त्यात काय दाखविले आणि काय वगळले, हे ओळखता येणे म्हणजे माध्यम-साक्षरता. शब्द नवा असला तरी कल्पना मोबाईलच्या आधीची आहे. जानेवारी १९८२ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या परिषदेत १९ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा काढला आणि माध्यमांविषयीचे शिक्षण बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत दिले जावे असे आवाहन केले. त्या वेळी आपल्याकडे बहुतेक खेड्यांत दूरदर्शनचा संचही पोहोचलेला नव्हता.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. आजीला अक्षरओळख नव्हती, आईची शाळा चौथीत सुटली. अशा घरातल्या शिकत्या मुलावर एक काम आपोआप येऊन पडते. ते मूल साऱ्या घराचे वाचक होते. विजेचे बिल, सातबाराचा उतारा, सोसायटीची नोटीस, दवाखान्यातला कागद, सगळे त्याच्यापुढे येते. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. “हे बघ गं, खरं आहे का?” असे आई विचारते. माझ्यासारख्या कितीतरी मैत्रिणींना त्यांची आई हेच विचारत असेल.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी छापलेला खोटा मजकूर निरक्षर माणसापर्यंत पोहोचायला मध्ये कोणीतरी वाचून दाखविणारा लागे. तो वाचणारा शहाणा असला तर खोटे तिथेच अडण्याची थोडी तरी आशा असे. चित्रफितीला असा मध्यस्थ लागत नाही. ती अक्षराला वळसा घालून थेट डोळ्यांत शिरते. ज्या घरात कालपर्यंत पुस्तक नव्हते त्या घरात आज दिवसाला पन्नास चित्रफिती येतात, आणि त्यांची पारख करण्याचे काम सातवी-आठवीतल्या पोरावर पडते. त्या पोराला शाळेने या कामासाठी काय दिले?

शेवट कापलेली गोष्ट

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती, आणि हे पाच जण त्या टोळीतले आहेत असे जमावाला वाटले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील, मंगळवेढे तालुक्यातील होते. भिक्षा मागण्यासाठी ते तिकडे गेले होते.

त्या काळात देशभर अशा अनेक चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक विशेष गाजली. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तीत दिसत असे. ही मूळ फीत कराचीची होती. हरविलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने ती पालकांना सावध करण्यासाठी बनविली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवितात, आणि मूल पळवायला क्षणभरच पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला. उरलेल्या भागात एकही खोटे चित्र नव्हते. तरी ती सबंध फीत खोटी झाली.

आपल्या विषयाचे मर्म मला येथे सापडते. ही चित्रफीत म्हणजे एक गोष्ट होती आणि तिचा शेवट कापलेला होता. लाखो लोकांनी ती पाहिली, पण ‘ही अपुरी वाटते, पुढे काय झाले?’ हा प्रश्न फार थोड्यांना पडला असावा. खरे तर गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलाचा हा सर्वांत आवडता प्रश्न! ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारून त्याने आजीला भंडावून सोडलेले असते. हा प्रश्न वाढत्या वयात कुठे हरवतो, हे शोधायला हवे.

या घटनेतली आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. डौर वाजवीत नाथपंथाची गाणी व कथा सांगत गावोगाव भिक्षा मागणे हा डवरी गोसाव्यांचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले, गोंधळी ही सारी मंडळी अशीच. गावाला बाहेरच्या जगाची गोष्ट ज्यांनी शेकडो वर्षे आणून दिली, त्यांच्याच कुळातल्या माणसांचा जीव एका गोष्टीने घेतला. आमच्या गावात पहाटे येणाऱ्या वासुदेवाला आता वेशीवर थांबवून आधार कार्ड विचारतात. आजीच्या वेळी त्याला सुपातून धान्य घालीत.

राईनपाड्यानंतर लगेच, त्याच जुलैमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पोलिसांनी फलक लावले, दवंड्या दिल्या. हे उपाय आवश्यकच होते. पण ते अफवेचा वेग कमी करणारे उपाय आहेत. अफवा हातात पडल्यावर तिला उलटसुलट करून पाहणारे मन त्यांतून तयार होत नाही. ते काम शाळेचे आहे.

आपल्या गोष्टींतले शहाणपण

यासाठी परदेशातून काही आणावयाची गरज नाही. आपल्या गोष्टींतच पुरेसे सामान आहे. पंचतंत्राची सुरुवातच मुळी शिक्षणाच्या प्रश्नाने होते. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन मुलगे अभ्यासाला विटलेले असतात आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करण्याची हमी देतो. त्याचे साधन गोष्ट. त्याच ग्रंथाच्या ‘काकोलूकीय’ नावाच्या तिसऱ्या तंत्रात तीन ठगांची गोष्ट आहे. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललेला असतो. तीन ठग वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहतात आणि खांद्यावर बोकड नसून भलतेच काही आहे असे ओळीने सांगतात. हितोपदेशातही ही गोष्ट आली आहे; तिथे तिघेही बोकडाला कुत्रा म्हणतात. तिसऱ्या भेटीनंतर ब्राह्मणाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो आणि तो बोकड टाकून देतो.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आपण बहुधा ‘दुसऱ्याचे ऐकून फसू नये’ असे तात्पर्य फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण तीत विचारण्याजोगे प्रश्न कितीतरी आहेत. तिघे एकाच ठिकाणी उभे राहिले असते तर ब्राह्मण फसला असता का? तिघे एकमेकांना ओळखत नाहीत असे त्याला का वाटले? त्याने वाटेतल्या चौथ्याच माणसाला का विचारले नाही? आज एकच मजकूर मामाकडून, शेजाऱ्याकडून आणि वर्गमित्राकडून येतो तेव्हा ‘तीन ठिकाणांहून आले म्हणजे खरे असणार’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तिघांचा उगम एकच असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप हा शब्द न उच्चारता तिसरीच्या मुलाला हे समजाविता येते, आणि मोठेपणी त्याच्या हाती कोणतेही यंत्र आले तरी ते त्याच्या उपयोगी पडते.

प्रश्न विचारण्याची रीत आपल्या लोकपरंपरेतही आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली सवाल-जबाबी असे. ते समोरच्या अडाणी म्हणविणाऱ्या माणसांना प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करीत. श्रोत्याला नुसते ‘हो’ म्हणून सुटका नसे.

चित्रपटाच्या बाबतीत दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि प्रेक्षक भारावून गेले. त्याच सुमारास फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखविणारा एक छोटा बोलपटपूर्व माहितीपटही तयार केला व त्यात स्वतःलाच दिग्दर्शन आणि संकलन करताना दाखविले. जादू करणाऱ्यानेच आपली पोतडी उघडून दाखवावी तसा हा प्रकार. माझ्या मते हा आपल्याकडचा माध्यम-शिक्षणाचा अगदी आरंभीचा धडा होय. त्यामुळे फाळक्यांच्या चित्रपटांची गोडी कमी झाली असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

कावळ्याची बाजू

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि सायंकाळी गावातल्या मुलांसाठी कार्यक्रम असा क्रम होता. एका सायंकाळी आम्ही तिघींनी पाचवीच्या मुलांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. सर्वांनी ती लहानपणी ऐकलेली होतीच. कावळ्याचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन दार उघड म्हणतो, आणि चिमणी बाळाचे एकेक काम सांगत त्याला ताटकळत ठेवते. गोष्ट संपल्यावर आम्ही मुलांना एवढेच सांगितले की आता हीच गोष्ट कावळा आपल्या बायकोला कशी सांगेल ते सांगा.

पहिली काही मिनिटे शांततेत गेली. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मी थंडीनं कुडकुडत होतो, आणि ती आतून नुसती थांब म्हणत होती.” दुसऱ्याने भर घातली, “तिला बाळ होतं हे खरं, पण दार उघडायला किती वेळ लागतो?” एका मुलीने चिमणीची बाजू घेतली. कावळा अंडी खातो हे चिमणीला ठाऊक होते, म्हणून तिने दार उघडले नाही, असे तिचे म्हणणे. त्यावर मागे बसलेली एक लहानशी पोर म्हणाली, “पण गोष्टीत त्यानं अंडी कुठं खाल्ली? त्यानं खाल्ली असं सगळे म्हणतात म्हणून तिला वाटलं.” तिच्या आजीच्या गोष्टीत अंडी नव्हती. दुसऱ्या एका मुलाच्या आजीच्या गोष्टीत होती. मग दोन आज्यांच्या गोष्टींत खरी कोणती, यावर जो वाद झाला तो जेवणाची घंटा होईपर्यंत मिटला नाही.

या मुलांना आम्ही ‘दृष्टिकोन’ हा शब्द शिकविला नव्हता. आपल्या वाङ्मयाच्या तासाला ‘निवेदक कोण?’ हा प्रश्न येतो तेव्हा आपण पुस्तकातली व्याख्या पाठ करतो. त्या मुलांनी अर्ध्या तासात तीन गोष्टी स्वतः शोधून काढल्या. गोष्ट जो सांगतो त्याच्या बाजूने ती झुकते. ऐकलेले आणि गोष्टीत प्रत्यक्ष घडलेले यांत फरक असतो. एकाच घटनेच्या दोन हकिकती असू शकतात आणि त्या ताडून पाहाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत नवीन वार्ताहराला याहून वेगळे काय शिकवीत असतील?

साधने अगदी साधी

असे आणखी काही खेळ शाळेत सहज घेता येतील. जुन्या पोस्टकार्डाच्या किंवा वहीच्या पुठ्ठ्याच्या मधोमध चौकोन कापावा. प्रत्येक मुलाने त्या चौकटीतून शाळेचे आवार पाहावे आणि जे दिसेल तेवढ्याचेच चित्र काढून खाली ‘आमची शाळा’ असे लिहावे. एकाच्या चौकटीत कडुलिंबाचे झाड येईल, दुसऱ्याच्या चौकटीत फुटलेली मोरी. दोन्ही चित्रे खरी असतील आणि दोन्ही मिळून सुद्धा शाळा पुरती दिसणार नाही. छायाचित्रकार कॅमेरा कुठे रोखतो, बातमीतले छायाचित्र कडेने का कापलेले असते, हे त्या मुलाला आता वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा खेळ शब्दांचा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरून चित्रकथी वाद्याच्या साथीवर कथा सांगतो. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या कलेचा धागा धरून वर्गात एकच चित्र तीन गटांना द्यावे आणि प्रत्येकाने त्यावर वेगळी कथा रचावी. धावणाऱ्या माणसाचे चित्र असेल तर तो चोर असू शकतो, चोरामागे लागलेला मालक असू शकतो किंवा एस. टी. चुकलेला प्रवासी असू शकतो. चित्र तेच राहते, शब्द बदलले की माणूस बदलतो. आज मोबाईलवर जुन्याच चित्राखाली नवा मजकूर चिकटवून जे चालते, त्याचे कोडे येथे सुटते. कानगोष्टींचा खेळ तर सर्वांच्या माहितीचा आहे. फक्त शेवटी हसून सोडून न देता, वाक्य कोणत्या कानाशी आणि का बदलले हे ओळीने उलटे तपासत जावे.

नाटकाचा उपयोग याहून खोल आहे. ज्या मुलाने गावकऱ्यांच्या जमावात एका अनोळखी फेरीवाल्याची भूमिका पाच मिनिटे केली असेल, ज्याला चहूबाजूंनी ‘तू कोण, कुठला?’ असे दरडावून विचारले गेले असेल, त्याला ते मोठेपणीही आठवेल. प्रश्न विचारायला बुद्धी लागते. समोरच्याला बोलू द्यायला काळीजही लागते. साने गुरुजींनी मराठी मुलांना गोष्टींतून काळीज दिले, आणि त्यांच्या पश्चात कथामालेने तो वारसा चालविला. त्या संस्कारांच्या जोडीला पारख आणावी एवढेच माझे म्हणणे आहे.

हे पूर्वी झाले आहे

यात अशक्य असे काही नाही. गुजरातेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे काम केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक लक्ष्मीराम चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी त्याची फजिती होते. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. पुढे त्याच गोष्टींतून वाचन येते, नाटक येते, शिस्त येते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला नेले. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी उभी केली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, खडे, पाने, बिया हीच तिथली साधने होती. पैसे नाहीत म्हणून कलेचा तास होत नाही, या सबबीला कोसबाडच्या टेकडीने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

अलीकडचे उदाहरण केरळातले आहे. कण्णूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीविषयी अफवा पसरून अनेक पालक मुलांना लस देण्यास नकार देऊ लागले. त्यानंतर २०१८ च्या सुमारास तेथील जिल्हा प्रशासनाने ‘सत्यमेव जयते’ या नावाने सुमारे १५० सरकारी शाळांत खोटी बातमी कशी ओळखावी याचे तास सुरू केले. मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना सांगावे हा त्यामागचा हेतू. घराचा वाचक शाळेत घडवावा, हेच सूत्र येथेही आहे.

आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेशी जोडलेले शिक्षण आणि गोष्टीतून अध्यापन या दोहोंचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर म्हणून उणे काही नाही. प्रत्यक्षात काय चालते ते आपण सर्व जाणतो. मी ज्या शाळेत शिकले तिथे वेळापत्रकावर चित्रकलेचे आठवड्याला दोन तास होते. नववीत ते गणिताने घेतले आणि दहावीत इंग्रजीने. गुणपत्रिकेवर मात्र सर्वांना चित्रकलेची श्रेणी छापून आली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आपल्या राज्यात आहेत, आणि इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकही तिची चौकशी करतात. कलेकडे मुले वळतात हे चांगलेच. परंतु ज्या चित्राला गुण आहेत तेवढेच काढायचे असे ठरले तर पुठ्ठ्याच्या चौकटीतून फुटकी मोरी कोण पाहणार?

एका आक्षेपाचा विचार

आमच्या वर्गातल्या चर्चेत एक आक्षेप निघाला. गोष्टीची अशी चिरफाड केली तर मुलांचा आनंद जाईल, ती लहानपणीच संशयी होतील, असे काही जणांचे म्हणणे. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्नपत्रिका काढली तर गोष्ट मरेल, यात शंका नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गोष्ट पोटभर ऐकू द्यावी. मग ती मुलांच्या हाती द्यावी, मोडू द्यावी, पुन्हा जोडू द्यावी. जो स्वतः लेझीम खेळतो त्याला दुसऱ्याची लेझीम पाहताना अधिक रंग चढतो, आणि कोणाचे पाऊल चुकले हेही त्यालाच आधी दिसते. संशयी माणूस सर्वच खोटे म्हणून मोकळा होतो. ज्याने स्वतः गोष्ट रचली आहे तो तसे करीत नाही. सांधा कुठे आहे ते त्याला ठाऊक असते, म्हणून तो नेमक्या जागी बोट ठेवतो. ज्याने एकदा शेवट कापून पाहिला आहे, त्याला कापलेला शेवट ओळखू येतो.

शेवटी माझ्या सहाध्यायी मित्रमैत्रिणींना एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळ जण पदवीनंतर बी. एड. करून शाळेत जातील, आणि बहुधा आपल्यासारख्याच घरांतून आलेली मुले आपल्यापुढे बसतील. त्या वेळी वेळापत्रकातला गोष्टीचा आणि चित्राचा तास कोणी मागायला आले तर तो सोडू नका. प्राध्यापकवर्गालाही नम्रपणे सुचवावेसे वाटते की येत्या शिबिरात सायंकाळचा कार्यक्रम आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावा. मंगळवेढे भागातल्या डवरी गोसावी समाजातील वडीलधाऱ्यांना आपण सन्मानाने बोलवावे, त्यांच्या कथा त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकवाव्या, आणि नंतर मुलांनी त्यांना हवे ते प्रश्न विचारावेत. गावात आलेल्या परक्या माणसाला आधी नाव-गाव विचारावे आणि त्याची हकिकत शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या सायंकाळी अधिक चांगला शिकवला जाईल.